खांबामागच्या चार जागा

घरात दह्याचे रिकामे डबे साठतात ना, तसे आमच्याकडे स्टेडियमचे किस्से साठलेत. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. एक धुऊन ठेवला, दुसरा असू दे म्हटलं, आणि आता कपाट उघडलं की अंगावर येतात. चार मराठी माणसं जेवायला जमली की कुणीतरी म्हणतंच, "सुषमा, ते स्टेडियमचं सांग ना." आणि मला विचारावं लागतं, कुठलं?

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. तेव्हा आम्ही मिडवेस्टमधल्या एका शहरात राहत होतो. शहराचं नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथं आहेत. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, नवरा प्रदीप सिव्हिल इंजिनिअर. दोघंही नागपूरचे. मुलगी मीरा तिथंच जन्मली. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे भास्करदादा आणि नलिनीवहिनी राहायचे, मूळचे चेंबूरचे. भास्करदादा एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होते. आता ते चँडलरला असतात आणि आम्ही न्यू जर्सीत आयसेलिनजवळ, पण फोनवर अजूनही "तो चेंडू तुझ्या सासऱ्यांच्या मांडीत पडला की पिशवीत" यावर वाद होतो.

शहरात दोन जुनी स्टेडियम होती. एक बेसबॉलचं, विटांचं, डाउनटाउनला लागून. दुसरं फुटबॉलचं, काँक्रीटचं, नदीपलीकडे. भास्करदादांच्या कंपनीनं बेसबॉलच्या स्टेडियममधल्या चार जागा अख्ख्या सीझनसाठी घेऊन ठेवल्या होत्या. त्या जागांसमोर छप्पर पेलणारा एक लोखंडी खांब होता. बॉल टाकणारा दिसायचा, मारणारा दिसायचा नाही. ऑफिसातले अमेरिकन लोक ती तिकिटं नम्रपणे नाकारायचे, म्हणून ती फिरत फिरत आमच्याकडे यायची.

* * *

पहिल्या मॅचला आम्ही चौघं गेलो. भास्करदादा आयुष्यभर क्रिकेट पाहिलेले, त्यामुळे त्यांनी गाडीतच समजावून सांगितलं की हे सोपं असतं, ओव्हर नसतात एवढंच. प्रत्यक्षात आम्हाला काहीच कळत नव्हतं. लोक ओरडले की आम्ही खांबाच्या डावीकडून वाकून बघायचो, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. पण ऊन छान होतं, बोर्डावर आपली टीम चार-दोननं पुढे होती आणि नलिनीवहिनींनी चिवडा आणला होता.

दीडएक तासानं अचानक सगळे उभे राहिले. म्हातारी माणसं, पोरं, विक्रेते, सगळे. हात ताणले, गाणं म्हटलं. आम्हीही उभे राहिलो. गाणं झाल्यावर भास्करदादा म्हणाले, संपली, गर्दीच्या आधी निघू या. इतक्या शिस्तीत शेवट करतात याचं आम्हाला कौतुक वाटलं. पार्किंगमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं. प्रदीप म्हणाला, लोक किती वेळ रेंगाळतात बघा.

सोमवारी ऑफिसात भास्करदादांनी बॉसला सांगितलं, काय छान जिंकलो आपण. बॉस म्हणाला की आपण हरलो, शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये. भास्करदादा ऐकेनात. मी स्वतः तिथं होतो, म्हणाले. बॉसनं पेपर दाखवला. भास्करदादांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि परत दिला.

संध्याकाळी आम्हाला म्हणाले, "पेपरवाल्याला पण खांबामागची जागा मिळालेली दिसते."

सातव्या इनिंगच्या मध्यात लोक नुसते पाय मोकळे करायला उभे राहतात, हे आम्हाला पुढच्या मॅचला कळलं. तेही आम्ही निघालो तेव्हा दारावरच्या बाईंनी काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून.

* * *

माझे सासरे, आमचे बाबा, भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेचे हेडमास्तर म्हणून रिटायर झाले होते. सासूबाई गेल्यानंतर एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे सहा महिने राहिले. त्यांना स्टेडियमला नेलं. सफारी सूट, खिशाला पेन. शांतपणे बसून ते खांबाकडे बघत होते.

मध्येच एक चेंडू वर उडाला, खांबावर आपटला आणि बाबांकडे आला. मांडीत की पिशवीत, ते सोडून द्या. आजूबाजूचे लोक उठून ओरडायला लागले. ते आनंदानं ओरडत होते, कारण तिथं असा चेंडू ज्याच्याकडे येतो त्याचाच होतो. बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, लोक आपल्याला चोर म्हणतायत.

आम्ही काही सांगायच्या आत ते उठले आणि चेंडू दोन्ही हातांत धरून पायऱ्या उतरू लागले. लोक "कीप इट, कीप इट" ओरडत होते. बाबांना ते काय ऐकू आलं कुणास ठाऊक, त्यांनी चाल वाढवली. खालच्या कठड्याशी एक तरुण खेळाडू उभा होता, इनिंग संपली होती. बाबांनी चेंडू पुढे केला आणि हेडमास्तरांच्या इंग्रजीत सांगितलं की ही तुमची वस्तू, मला परत करायची आहे. तो पोरगा हसला. बाबांच्याच खिशातलं पेन काढून त्यानं चेंडूवर सही केली, पेन खिशाला लावलं, चेंडू त्यांच्या हातात ठेवला आणि पळत गेला.

बाबा वर आले. मी विचारलं, काय झालं?

ते म्हणाले, "परत केल्याची पोच दिली त्यानं. पण पोच चेंडूवरच दिल्यामुळे चेंडू परत घ्यावा लागला."

तो चेंडू भंडाऱ्याला त्यांच्या ट्रंकेत, सर्व्हिस बुकाशेजारी राहिला.

* * *

चौदा एप्रिलची जयंती आम्ही तिथली आठ-दहा कुटुंबं मिळून करायचो. एका वर्षी बेसबॉल स्टेडियमच्या समोरच्या चर्चचा हॉल मिळाला. दारावर निळे झेंडे लावले. आत टेबलावर तसबीर, हार, मेणबत्त्या. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुषांपैकी निम्म्यांच्या गळ्यात निळे रुमाल. त्याच दुपारी समोर मॅच होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि शहराच्या टीमचा रंगही निळाच, हे तर मुळीच नाही.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी निळ्या टोप्या घातलेले सहा गोरे पुरुष आत आले. फार आनंदात होते. प्रत्येकाला टाळी देत होते. नलिनीवहिनींना वाटलं, प्रदीपच्या ऑफिसचे. प्रदीपला वाटलं, माझ्या हॉस्पिटलचे. मला वाटलं, चर्चचे. सगळ्यांनी त्यांना आग्रह करकरून वाढलं. पुरी, बटाट्याची भाजी, खीर. त्यांनी तिन्हीला दाद दिली. भास्करदादांनी इंग्रजीत भाषण केलं, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्या सहा जणांच्या.

मग त्यांच्यातला एक दांडगा माणूस तसबिरीपुढे जाऊन उभा राहिला. त्यानं भास्करदादांना विचारलं, हे कुठल्या पोझिशनला होते?

भास्करदादांना प्रश्न फार आवडला. त्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. प्रोफेसर, बॅरिस्टर, कमिटीचे चेअरमन, मंत्री. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, एवढं सगळं? मग प्रॅक्टिस कधी करायचे?

भास्करदादा म्हणाले, "प्रॅक्टिस जवळजवळ सोडावीच लागली त्यांना. लोकांचं काम इतकं होतं."

त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली. मागच्या पाच जणांना खुणावलं, त्यांनीही काढल्या. आणि तो दबक्या आवाजात त्यांना म्हणाला, "प्रॅक्टिस न करता, बरं का."

मग सगळे वाकून नमस्कार करून मॅचला गेले. संध्याकाळी भांडी आवरताना प्रदीपनं विचारलं, तुझ्या हॉस्पिटलमधले लोक चांगले आहेत गं, नावं काय त्यांची?

* * *

प्रदीपच्या ऑफिसात वॉल्टर नावाचा ड्राफ्ट्समन होता. त्यानं एका शनिवारी नदीपलीकडच्या स्टेडियमचं तिकीट दिलं. म्हणाला, हजारो पुरुष येणार आहेत, तू यायलाच हवंस. फुटबॉलचं स्टेडियम, हजारो पुरुष. प्रदीपनं टीमची जर्सी विकत आणली आणि घालून गेला.

ती प्रार्थना सभा होती. फक्त पुरुषांची. मैदानावर स्टेज, बँड, आणि एक वक्ता सांगत होता की ज्याच्याशी तुम्ही बोलणं टाकलंय त्याचं नाव मनात आणा. प्रदीप मधल्या खुर्चीत. दोन्हीकडून रांग भरलेली, निघायला वाट नाही. थोड्या वेळानं शेजारचा अनोळखी माणूस रडायला लागला. ट्रक चालवणारा होता. त्यानं प्रदीपचा खांदा धरून सांगितलं की भावाशी अकरा वर्षं बोललो नाही, आणि आता तो आजारी आहे. मग प्रदीपला मिठी मारली आणि सोडलीच नाही.

हे प्रदीपनं घरी येऊन जर्सीतच, उभ्यानं सांगितलं. सासूबाई गेल्या तेव्हा आमची इमिग्रेशनची कागदपत्रं मधल्या अवस्थेत होती. वकील म्हणाला, गेलात तर परत येता येईल याची खात्री नाही. प्रदीप गेला नाही. धाकट्या भावानं, दिलीपनं, सगळं केलं, आणि फोनवर एकच वाक्य बोलला, "तू आता पाहुणा आहेस." त्याला चार वर्षं झाली होती. खुशाली फक्त बाबांच्या पत्रातून कळायची.

प्रदीपनं फोन लावला. इथं शनिवारची संध्याकाळ, नागपुरात रविवारची पहाट. दिलीपनं उचलला, आवाज ओळखला आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही," प्रदीप म्हणाला. "मी स्टेडियममधून आलोय."

मग दिलीप म्हणाला, "बरं. कोण जिंकलं?"

फोन कुणीच ठेवला नाही.

* * *

मीरा आठ वर्षांची असताना शहरातल्या सगळ्या शाळांच्या मुलांनी मॅचच्या आधी मैदानात उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं. चारेकशे मुलं, सगळी पांढऱ्या शर्टात. मी नवा कॅमेरा घेऊन खांबाच्या उजवीकडे उभी राहिले आणि दोन वेण्यांची माझी पोर बरोबर हेरली. छत्तीस फोटोंचा अख्खा रोल संपवला. शेवटी शेवटी मला रडूच आलं.

फोटो धुऊन आले. मीरा एकेक बघत गेली आणि म्हणाली, "मम्मी, दॅट्स टेरेसा."

छत्तीसच्या छत्तीस टेरेसा. मीरा कुठाय, विचारलं तर तिनं एका फोटोच्या कडेला अर्धा कान दाखवला.

मी ते पाकीट टेरेसाच्या आईला नेऊन दिलं. ती लाँड्रीत कामाला होती, त्या दिवशी सुटी मिळाली नव्हती. एकही फोटो नव्हता तिच्याकडे. ती दारातच उभी राहून छत्तीसही फोटो बघत होती आणि डोळे पुसत होती. मग तिनं मला विचारलं, माझ्या मुलीवर तुमचं एवढं प्रेम कसं?

मी म्हटलं, गोड आहे ती. दुसरं काय म्हणणार?

* * *

मग बातमी आली की बेसबॉलचं जुनं स्टेडियम पाडून नवं बांधायचं घाटतंय. लोकांचं म्हणणं ऐकायला एका सकाळी स्टेडियममध्येच सभा ठेवली. भास्करदादा तयारीनं गेले. त्यांचं मत पक्कं होतं, पाडा. नवं बांधा, खांबाशिवाय बांधा. कागदावर मुद्दे लिहून नेले होते.

मैदानात दोन माइक होते. एकापुढे पाडा म्हणणाऱ्यांची रांग, दुसऱ्यापुढे पाडू नका म्हणणाऱ्यांची. पाट्या होत्या, पण त्या पलीकडच्या बाजूला तोंड करून. भास्करदादा छोट्या रांगेत उभे राहिले.

त्यांची पाळी आली. त्यांनी सुरुवात केली की मी आठ वर्षं एका खांबामागे बसतोय. त्या खांबाचं तपशीलवार वर्णन केलं. त्यावर रंगाचे सात थर आहेत, हे केमिस्ट असल्यामुळे त्यांना माहीत होतं, आणि कुठला थर कुठल्या काळातला असावा तेही त्यांनी सांगितलं. तिथं बसून मुलांना कसं मोठं होताना पाहिलं, शेजारचे म्हातारे मिस्टर हॅरिस गेल्यावर त्यांची जागा कशी वर्षभर रिकामी राहिली, आणि आम्ही त्यांच्या खुर्चीवर कोट कसे ठेवायचो नाही, हेही बोलून गेले. ते कागदावर नव्हतं. बोलता बोलता त्यांचा आवाज बसला, वेळ संपल्याची घंटा झाली आणि "म्हणून हे पाडा" हे वाक्य राहून गेलं.

पाडू नका म्हणणारे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली लिहिलं होतं, जुन्या स्टेडियमचा निष्ठावान रक्षक. त्यांना समितीवर घेतलं. ते दर मंगळवारी मीटिंगला जाऊ लागले.

नलिनीवहिनींनी विचारलं, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?

भास्करदादा म्हणाले, "आधी मला बोलायला मिळू दे, मग कळेल."

* * *

आणि आता माईंचं.

माई म्हणजे भास्करदादांच्या आई. चेंबूरला मुलीकडे राहायच्या. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून त्यांनी भास्करदादांना शिकवलं. सही करायला पन्नाशीत शिकल्या. कुणाला शब्द दिला तर तो पाळायचा, यावरून त्यांनी आयुष्यात बरीच भांडणं केली होती, असं भास्करदादा सांगायचे.

त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि नेमका त्याच वेळी भास्करदादा आणि नलिनीवहिनींचा सिटिझनशिपचा शपथविधी ठरला. त्या वर्षी माणसं इतकी होती की समारंभ नदीपलीकडच्या स्टेडियममध्ये ठेवला. शपथ घेणारे खाली मैदानात, खुर्च्यांवर. घरची माणसं वर स्टँडमध्ये. मी, मीरा आणि माई वर बसलो. मध्येच मी पाणी आणायला गेले आणि आले तोवर शपथ होऊन लोक झेंडे हलवत होते.

परत येताना माईंनी मला गाडीत विचारलं, तो साहेब काय म्हणवून घेत होता सगळ्यांकडून? मी उत्साहानं समजावलं. आपला जुना देश सोडला असं म्हणतात, या देशाशी इमान राखीन म्हणतात, वेळ आली तर लढाईवर जाईन म्हणतात. माई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं. चेंबूरहून फोन आला की बोलायला येईनात. मला एकदा विचारलं, लढाईला किती वयापर्यंत बोलावतात गं? मला वाटलं, टीव्हीवर काही पाहिलं असेल. नलिनीवहिनींनी डॉक्टरला दाखवलं, त्याला काही सापडलं नाही. भास्करदादांना वाटलं, आपण नागरिकत्व बदललं याचं आईला दुःख झालं. ते तिच्यासमोर बसून सारखी माफी मागायचे आणि माई आणखी गप्प व्हायच्या.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता त्यांनी हळूच विचारलं, "सुषमा, मला आता घरी जाऊ देतील का?"

मग सगळं बाहेर आलं. खाली सगळे उभे राहिले, हात वर केले. भास्करही हात वर करून उभा. माईंना वाटलं, लेकराच्या भल्यासाठी काहीतरी मागतायत. विहारात वंदनेच्या वेळी भंतेजी पुढे म्हणतात आणि आपण मागून म्हणतो, तसंच वाटलं ते. म्हणून त्याही उभ्या राहिल्या, उजवा हात वर केला आणि साहेबाच्या मागून, जमेल तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मीरा शेजारीच होती. तिनं हे पाहिलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं.

मला हसू आलं. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबलं.

संध्याकाळी भास्करदादांनी परोपरीनं समजावलं. तुझा अर्ज नाही, बोटांचे ठसे नाहीत, मुलाखत नाही. तुझ्याकडे भारताचा पासपोर्ट आहे. ही शपथ धरतच नाहीत. माईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी नसेल धरली," त्या म्हणाल्या. "मी बोलले ना."

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. जिथं बोलले तिथं नेऊन सोडा, म्हणाल्या. तिथंच परत घेते.

शनिवारी सकाळी आम्ही त्यांना स्टेडियमला नेलं. एक फाटक उघडं होतं. आत मैदानावर एक उंच, पिकल्या केसांचा माळी गवत कापायचं मशीन चालवत होता. भास्करदादांनी जाऊन सांगितलं की माझ्या आईला इथं दोन शब्द बोलायचे आहेत. का, ते सांगायचा त्यांना धीर झाला नाही. त्यानं वर माईंकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि आमच्याबरोबर पायऱ्या चढून आला.

माईंनी आपली जागा शोधली. मीरानं सांगितली ती त्यांना पटली नाही, तीन खुर्च्या सरकून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. मग उजवा हात वर केला आणि त्या साहेबासारखंच, एकेक तुकडा तोडून, मोठ्यानं बोलू लागल्या.

"मी शेवंता गणपत कांबळे."

थांबल्या. मागून जाड आवाज आला, "मी शेवाना गानपात कांबली."

आम्ही वळून पाहिलं. माळी टोपी काढून, छातीशी धरून उभा होता. भास्करदादांनी घाईघाईनं हातानं नको नको केलं. त्याला वाटलं, हात वर करायला सांगतायत. त्यानं तो वर केला.

माई थांबल्या नाहीत. त्या समोर रिकाम्या मैदानाकडे बघत होत्या.

"राहणार चेंबूर."

"राहानार चेंबूर."

"मागल्या महिन्यात इथं जे बोलले, ते मला कळलं नव्हतं."

हे त्याला बरंच जड गेलं, पण त्यानं एकही शब्द सोडला नाही.

"माझा देश तोच आहे, जो होता. आणि माझं इमान तिकडेच आहे."

त्यानं तेही म्हटलं. शेवटचं वाक्य तर फार मनापासून, डोळे मिटून.

माईंनी हात खाली घेतला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सुटला. मोठा श्वास घेतला आणि त्या जायला वळल्या. तेव्हा त्यांना तो दिसला. हात अजून वर, पुढच्या ओळीची वाट बघत उभा.

माई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग भास्करदादांचा दंड धरून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "भास्कर, हा बिचारा आता कुठला झाला रे?"